कमी पगाराच्या पूर्णवेळ नोकरीसोबत जोडउत्पन्न : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्णवेळ नोकरी आहे, पण पगार महिनाअखेरपर्यंत टिकत नाही, अशा वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. चलन देशागणिक बदलत असल्यामुळे हिशेब करताना नोकरीतील एका तासाच्या, हाती पडणाऱ्या पगाराला १०० मानले आहे. वाचकांनी तेथे स्वतःचा आकडा घालावा.

१. पगार पुरत नाही. जोडकाम शोधण्याआधी काही करून पाहण्यासारखे आहे का?

आहे. नोकरीतच अडकून राहिलेला पैसा आधी सोडवावा. ओव्हरटाइमचे न नोंदवलेले तास, सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाचा मोबदला, प्रवासभत्ता, न वापरलेल्या रजेचे पैसे, विभागीय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळणारी वेतनवाढ, यांपैकी काही ना काही बहुतेकांचे मागायचे राहून गेलेले असते, कारण पगारपत्रकाची शेवटची ओळ सोडून वरच्या ओळी वाचणारे लोक थोडे. आठवड्याला ४८ तास म्हणजे महिन्याला साधारण २०८ तास काम करणाऱ्याला पाच टक्के पगारवाढ मिळाली, तर ती दरमहा दहा तासांहून अधिक कामाच्या मजुरीएवढी होते आणि त्यासाठी एकही तास जास्त राबावे लागत नाही.

दुसरी गोष्ट कर्जाची. एका महिन्याच्या पगाराएवढी थकबाकी दरमहा तीन टक्के व्याजाने डोक्यावर असेल, तर दर महिन्याला सहा तासांची मजुरी नुसत्या व्याजात जाते. अशा वेळी जोडकामाचे पहिले पैसे या कर्जाकडे वळवणे हाच सर्वांत किफायतशीर व्यवहार ठरतो.

२. नोकरी सांभाळून आठवड्याला किती तास जोडकाम करता येते?

लोक उत्साहात वीस तास म्हणतात आणि तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. आठवड्याचे तास १६८. त्यांतून नोकरीचे ४८, जाण्यायेण्याचे १० आणि झोपेचे ५६ वजा केले की ५४ उरतात. स्वयंपाक, आंघोळ, घरकाम, बाजारहाट, मुले आणि वडीलधारी माणसे यांना ३५ तास दिले की शिल्लक १९. हे १९ तास सलग नसतात, पाऊण तास इकडे, वीस मिनिटे तिकडे असे सांडलेले असतात. म्हणून सुरुवातीला आठ तासांपेक्षा जास्त काम अंगावर घेऊ नये, असे माझे मत आहे, आणि त्यांतले निदान चार तास सलग मिळतील अशी सोय घरात आधी लावून घ्यावी.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ साली केलेल्या आपल्या पहिल्याच करारात उद्योगांमधील कामासाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. याच संघटनेने आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो. ४८ अधिक ८ म्हणजे ५६ होतात, हे येथे लपवण्यात अर्थ नाही. त्यामुळे एवढे जोडकाम ठरावीक महिन्यांपुरते, एखादे कर्ज फिटेपर्यंत किंवा एखादी रक्कम साठेपर्यंत करावे. ते कायमचे वेळापत्रक होऊ देऊ नये.

३. माझ्याकडे खास असे कोणतेच कौशल्य नाही. मी काय करू शकतो?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो विचारणाऱ्याकडे काहीच कौशल्य नाही असे क्वचितच निघते. नोकरीत जे रोज करतो ते माणसाला कौशल्य वाटेनासे होते, एवढाच त्याचा अर्थ. गोदामात माल मोजून नोंदी ठेवणाऱ्या एका वाचकाने असेच लिहिले होते. पुढे विचारता विचारता कळले की, ओळखीतले तीन छोटे व्यावसायिक साठ्याचा तक्ता नीट लावून घेण्यासाठी रविवारी त्याला बोलावतात आणि चहा पाजून परत पाठवतात. जे काम लोक आपल्याकडून फुकट करून घेतात, त्याची मागणी सिद्ध झालेली असते. फक्त त्याचा दर ठरवायचा राहिलेला असतो.

आठ दिवस एक छोटी नोंद ठेवावी. कोणी कोणती मदत मागितली, ती द्यायला किती वेळ लागला आणि आपण नाही म्हटले असते तर त्या माणसाला पैसे मोजून ती कोठून घ्यावी लागली असती, एवढेच लिहावे. अर्ज भरून देणे, भाषांतर, टंकलेखन, प्रुफे तपासणे, हिशेबाची वही लिहिणे, लहान मुलांचा अभ्यास घेणे, शिवण उसवणे आणि नीट करणे, नळ आणि पंखे दुरुस्त करणे, वृद्ध माणसाला दवाखान्यात नेऊन आणणे, समारंभात छायाचित्रे काढणे, लोक सुट्टीवर गेले की त्यांचे पाळीव प्राणी सांभाळणे ही सर्व कामे अशा नोंदींतूनच सापडलेली आहेत.

मुळात जोडउत्पन्नाचे मार्ग चारच आहेत. एक, वेळ विकणे : सुट्टीच्या दिवशी दुकानात उभे राहणे, वस्तू घरपोच पोचवणे, कार्यक्रमांत व्यवस्था पाहणे. यात पैसा लगेच मिळतो, पण दर वाढत नाही. दोन, कौशल्य विकणे : शिकवणी, दुरुस्ती, लेखन, हिशेब. येथे पहिले गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो, मात्र ओळख वाढत जाते तसा दरही वाढवता येतो. तीन, वस्तू विकणे : घरी बनवलेल्या किंवा स्वस्तात घेऊन नीट केलेल्या वस्तू. यात नफा मालाच्या खपावर असतो आणि न खपलेला माल पलंगाखाली जाऊन बसतो. चार, असलेली वस्तू भाड्याने देणे : रिकामी खोली, शिलाई यंत्र, कॅमेरा, शिडी. कमी पगाराच्या माणसाकडे भाड्याने देण्याजोगे फारसे काही नसते. असेल तर मात्र सर्वांत कमी तास खाणारा मार्ग हाच. या महिन्याचेच भाडे अडले असेल तर पहिला मार्ग धरावा, आणि सहा महिने थांबता येत असेल तर दुसरा.

४. या कामात खरोखर किती सुटते, हे कसे काढायचे?

मिळालेल्या रकमेतून सर्व खर्च वजा करावा आणि उरलेल्या रकमेला कामाच्या नव्हे, तर कामामुळे गेलेल्या एकूण तासांनी भागावे. या दुसऱ्या भागात बहुतेकांचा हिशेब चुकतो.

माझ्या जुन्या वहीतले एक पान येथे उतरवतो. नोकरीनंतर संध्याकाळी मी प्रुफे तपासत असे. एका पुस्तकाचे काम १,५०० ला ठरले, तेव्हा नऊ तासांत होईल असा माझा अंदाज होता, म्हणजे तासाला १६६. नोकरीच्या १०० पुढे हे फारच चांगले वाटले. प्रत्यक्षात पहिले वाचन ९ तास, दुरुस्त्या झाल्यावर दुसरे वाचन ३ तास, शंका विचारण्यासाठी दूरध्वनी दीड तास, बिल करणे आणि पैशांची आठवण करून देणे १ तास, असे साडेचौदा तास गेले. काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थाचे कमिशन १५० आणि कागद छापून घेण्याचे ६० वजा जाता हाती १,२९० राहिले. भागाकार ८९ आला. नोकरीच्या तासापेक्षाही स्वस्त दराने मी रात्रीची झोप विकली होती, आणि हे कळायला सहा महिने लागले, कारण तोवर मी फक्त जमा लिहीत होतो, तास लिहीतच नव्हतो. पुढच्या कामापासून दुसऱ्या वाचनाचे पैसे वेगळे सांगू लागलो. दोघांनी नकार दिला, तिसऱ्याने मान्य केले.

वाहन वापरून करायच्या कामात हा फरक आणखी मोठा असतो. इंधनाचे पैसे रोज खिशातून जातात म्हणून ते लक्षात राहतात. टायर, तेलबदल, ब्रेक, दुरुस्ती आणि धाव वाढल्यामुळे घसरलेली वाहनाची किंमत हे खर्च मात्र वर्षाने दार ठोठावतात. दर किलोमीटरमागे इंधनाखेरीज ठरावीक रक्कम वेगळी काढून ठेवल्याशिवाय अशा कामात नफा झाला असे म्हणू नये. ऑर्डरची वाट पाहत थांबलेला वेळही तासांत धरावा.

५. दर किती सांगावा? जास्त सांगितला तर गिऱ्हाईक जाईल, अशी भीती वाटते.

नोकरीच्या तासामागे पगारी सुट्टी, आजारपणाची रजा, साधने आणि बसायची जागा मालकाची असते. जोडकामात हे सर्व आपल्या पदरचे. म्हणून सर्व खर्च आणि लपलेले तास धरल्यावर नोकरीच्या दराच्या निदान दीडपट, म्हणजे १५० हाती यावेत, असा दर सांगावा. काही गिऱ्हाइके जातील. एकही गेले नाही तर दर कमी लागला आहे असे समजावे.

काम हाताखालून गेले की तासाचा दर सोडून पूर्ण कामाचा दर सांगणे हिताचे असते, कारण हात बसला की तेच काम निम्म्या वेळात होते आणि तासाच्या दराने आपणच आपले पैसे कमी करून घेतो. ओळखीच्या माणसाला सवलत द्यायचीच असेल तर बिलावर पूर्ण दर लिहून खाली सवलत वजा दाखवावी. नाही तर सवलतीचा आकडाच पुढे मूळ दर म्हणून गावभर होतो.

६. काम करून घेतले आणि पैसे दिले नाहीत, तर?

यावरचा उपाय काम सुरू होण्याआधी करावा लागतो. काय करायचे, कधीपर्यंत, किती फेऱ्यांच्या दुरुस्त्या दरात धरल्या आहेत आणि पैसे कधी मिळणार, या चार ओळी संदेशाने पाठवून समोरच्याचा होकार लेखी घ्यावा. नव्या गिऱ्हाइकाकडून तिसरा हिस्सा किंवा निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, आणि शेवटची रक्कम मिळाल्यावरच अंतिम प्रत द्यावी. बुडालेली रक्कम लहान असेल तर तिच्या मागे किती तास घालवायचे याचा हिशेब प्रश्न ४ प्रमाणेच करावा. दोन लेखी स्मरणपत्रे आणि शेवटी एका तारखेची मुदत एवढे पुरे. त्यानंतर त्या माणसाचे दुसरे काम मात्र घेऊ नये, मग तो कितीही गोड बोलो.

७. नोकरी देणाऱ्याला सांगणे बंधनकारक आहे का?

याचे उत्तर नियुक्तिपत्रात आणि सेवानियमांत असते. ती दोन्ही कागदपत्रे काढून त्यांत दुसरे काम, हितसंबंध, गोपनीयता आणि कार्यालयीन साधनांचा वापर यांविषयी काय लिहिले आहे ते शब्दशः वाचावे. काही ठिकाणी पूर्ण मनाई असते, काही ठिकाणी पूर्वपरवानगी लागते, तर काही ठिकाणी केवळ स्पर्धक संस्थेसाठी काम करण्यास बंदी असते. सरकारी सेवेत बहुधा आधी लेखी परवानगी लागतेच.

देशोदेशींच्या कायद्यांचा कल मात्र हळूहळू बदलतो आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार, कामाच्या वेळेबाहेर दुसरीकडे काम करण्यास मालकाला सरसकट मनाई करता येत नाही. आरोग्य आणि सुरक्षितता, व्यावसायिक गुपिते किंवा हितसंबंधांचा संघर्ष अशा वस्तुनिष्ठ कारणांसाठी सदस्य देश निर्बंधांच्या अटी ठरवू शकतात. जपानमध्ये पूर्वी जोडकाम जवळजवळ निषिद्ध मानले जाई, पण तेथील सरकारने २०१८ मध्ये नमुना सेवानियमांतून ती मनाई काढून टाकली. आपल्याला लागू असलेला कायदा कोणता, हे पाहिल्याशिवाय दुसऱ्या देशाच्या नियमावर विसंबू नये.

परवानगी मागायची असेल तर अर्ज छोटा ठेवावा : कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास, ते कार्यालयीन वेळेबाहेर असल्याचा उल्लेख आणि संस्थेच्या व्यवसायाशी संबंध नसल्याचे एक वाक्य. पगार पुरत नाही ही तक्रार त्यात घालू नये. ती वेगळ्या अर्जाची बाब आहे.

८. न सांगता केले तर कोणाला कळणार आहे?

कळते. कराच्या कागदपत्रांतून, सामाजिक विम्याच्या नोंदींतून, आपण स्वतःच टाकलेल्या जाहिरातीतून आणि सर्वांत आधी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडून कळते. मनाई नसेल तर लपवण्याचे कारण नाही, आणि मनाई असेल तर पूर्ण पगार पणाला लावून जोडउत्पन्न मिळवणे हा तोट्याचा सौदा आहे.

९. जोडउत्पन्नावर कर भरावा लागतो का? उत्पन्न वरच्या टप्प्यात गेले तर उलट नुकसान होईल ना?

बहुतेक देशांत जोडउत्पन्न पगारात मिळवून एकूण रकमेवर कर आकारला जातो, मग ते रोख मिळालेले असो वा खात्यात. लहान रकमांना काही ठिकाणी सूट असते : ब्रिटनमध्ये वर्षाला १,००० पौंडांपर्यंतच्या व्यापारी उत्पन्नासाठी तशी सवलत २०१७ पासून आहे, तर अमेरिकेत स्वयंरोजगारातून वर्षाला ४०० डॉलर किंवा अधिक निव्वळ उत्पन्न झाले की विवरणपत्र भरावे लागते.

वरच्या टप्प्यात गेल्यामुळे हाती कमी येते, हा गैरसमज फार पक्का बसलेला आहे. टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या करपद्धतीत वरचा दर फक्त मर्यादेवरच्या रकमेला लागतो. खालच्या रकमेवरचा कर तसाच राहतो. याला अपवाद आहे तो उत्पन्नमर्यादेवर अवलंबून असलेल्या सवलतींचा, त्यासाठी पुढचा प्रश्न पाहावा.

व्यवहारात दोन सवयी पुरतात. जोडउत्पन्नाचे बँक खाते वेगळे असावे, आणि प्रत्येक जमा रकमेतून आपल्या वरच्या टप्प्याच्या कराइतका हिस्सा त्याच दिवशी बाजूला काढावा. नोकरीत कर पगारातून आपोआप कापला जातो, त्यामुळे हातात आलेला सगळा पैसा आपलाच, अशी मनाला सवय लागलेली असते; जोडकामात ती सवय वर्षअखेरीस महागात पडते. साधने, प्रवास, इंटरनेट यांच्या पावत्या जपाव्यात, कारण कामासाठीचा खर्च वजा करण्याची मुभा अनेक ठिकाणी असते.

१०. घरभाडे, शिष्यवृत्ती किंवा धान्याची सरकारी सवलत मिळते. जोडउत्पन्नामुळे ती बंद होईल का?

होऊ शकते, आणि येथे खरोखरच कड्यावरून पडल्यासारखे होते. सवलतीची मर्यादा एका आकड्यावर तुटत असेल, तर त्या आकड्यापेक्षा थोडेसे जास्त कमावल्याने संपूर्ण सवलत जाते. समजा, मर्यादेपलीकडे जाऊन वर्षाला ४,००० जास्त मिळाले आणि त्यामुळे ९,००० ची सवलत गेली. शेकडो तास राबून कुटुंब ५,००० ने मागे आले. म्हणून काम सुरू करण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : मर्यादा एकट्याच्या उत्पन्नाची की कुटुंबाच्या, ती मासिक की वार्षिक, आणि ओलांडल्यावर सवलत हळूहळू घटते की एकदम बंद होते. एकदम बंद होत असेल तर मर्यादेच्या आत राहा, किंवा सवलतीपेक्षा बरेच जास्त सुटेल अशी खात्री असेल तरच पुढे जा. अधलामधला पट्टा तोट्याचा.

११. यंत्र, वाहन किंवा महागडा अभ्यासक्रम यांसाठी कर्ज काढावे का?

पहिल्या सहा महिन्यांत काढू नये. आधी तेच यंत्र भाड्याने किंवा उसने घेऊन दहा कामे करावीत. दहा कामे मिळाली नाहीत तर यंत्र विकत घेतल्याने ती मिळणार नव्हती. मिळाली, तर प्रत्येक कामामागे सुटलेल्या रकमेने यंत्राच्या किमतीला भागावे : किंमत १२,००० आणि एका कामात सुटतात १५०, म्हणजे ८० कामे झाल्यावर यंत्राची किंमत वसूल होईल. आठवड्याला दोन कामे येत असतील तर त्याला ४० आठवडे लागतील, आणि तोवर हप्ता पगारातून जाईल. एवढे पाहिल्यावरही घ्यावेसे वाटले तर जुने, चालू स्थितीतले घ्यावे.

१२. ‘घरबसल्या रोज दोन तास काम, हमखास कमाई’ अशा जाहिरातींतले खरे कसे ओळखावे?

काम देणारा पैसे देतो. तो पैसे मागू लागला की तेथून उठावे. नोंदणीशुल्क, प्रशिक्षणशुल्क, सुरक्षा अनामत, किटची किंमत अशी नावे बदलतात, दिशा तीच राहते. अलीकडे पसरलेला प्रकार अधिक धूर्त आहे. चित्रफिती पाहून पसंती नोंदवा, हॉटेलांना तारे द्या, असे सोपे काम देऊन पहिल्या दिवशी खरोखर थोडे पैसे खात्यात जमा करतात. दोन दिवसांनी ‘मोठे काम’ मिळवण्यासाठी काही रक्कम भरायला लावतात, पडद्यावर ती वाढताना दाखवतात, आणि काढायला गेले की कर, दंड, खाते उघडण्याचे शुल्क अशा नावांनी आणखी मागतात. ते पहिले थोडे पैसे गळाला लावलेले आमिष असते.

‘तुमच्या खात्यात रक्कम येईल, टक्का कापून पुढे पाठवा’ हे कामच नव्हे. तो चोरीचा पैसा असतो, आणि पोलीस पोचतात ते खातेदाराकडे.

माणसे जोडण्याच्या योजनांची तपासणी गणिताने करावी. प्रत्येकाने सहा जण आणायचे, त्यांनी प्रत्येकी सहा, असे चालले तर तेराव्या पायरीवर १,३०६ कोटींहून अधिक माणसे लागतात. जगाची लोकसंख्या २०२२ मध्ये ८०० कोटींवर पोचली. वस्तू विकून मिळणाऱ्या पैशापेक्षा माणसे आणून मिळणारा पैसा जास्त असेल तर ती साखळी कोठेतरी तुटणारच, आणि शेवटच्या पायऱ्यांवर नेहमी उशिरा आलेले ओळखीचेच लोक उभे असतात. ठरावीक भरघोस परताव्याचे वचनही जुनेच आहे : बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझी याने १९२० साली ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचे आश्वासन दिले, नव्यांच्या पैशातून जुन्यांना फेडत गेला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सगळा डोलारा कोसळला.

१३. शेअरची रोजची खरेदी-विक्री किंवा चित्रफितींचे चॅनेल यांतून नियमित उत्पन्न मिळते का?

पगाराच्या दहा टक्के रक्कम दरमहा वर्षाला सहा टक्के दराच्या ठेवीतून हवी असेल, तर वीस महिन्यांचा पगार ठेवीत असावा लागतो. ज्याच्याकडे तेवढी पुंजी नाही, त्याने थोड्या पैशांतून तेवढेच उत्पन्न काढायचे म्हटले की जोखीम अनेक पटींनी वाढवावी लागते, आणि मग त्याला जोडउत्पन्न म्हणणे कठीण होते. बचत गुंतवावी, पण ती भाड्याच्या पैशांची सोय म्हणून मोजू नये.

चॅनेलचे म्हणाल तर यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले गेल्याची नोंद, किंवा ९० दिवसांत छोट्या चित्रफितींना एक कोटी दर्शने, ही अट पूर्ण व्हावी लागते. आवड असेल तर जरूर करावे. या महिन्याच्या वीजबिलाची तरतूद मात्र दुसरीकडून करावी.

१४. माझी कामाची पाळी दर आठवड्याला बदलते. अशा माणसाने कोणते जोडकाम घ्यावे?

ठरलेल्या वेळी हजर राहावे लागते असे काम घेऊ नये. ठरलेल्या तारखेपर्यंत पुरे करायचे असते असे घ्यावे. शिकवणी, दुकान, वाहनफेऱ्या पहिल्या प्रकारात येतात. शिवणकाम, भाषांतर, हिशेब, दुरुस्ती दुसऱ्या प्रकारात. गिऱ्हाइकाला मुदत सांगताना रात्रपाळीचा आठवडा रिकामा धरावा.

रात्रपाळीनंतर वाहन चालवण्याचे किंवा यंत्रावरचे जोडकाम करूच नये. सलग १७ ते १९ तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहून मंद होते, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले आहे. युरोपीय संघाच्या नियमांत दोन कामाच्या दिवसांमध्ये सलग ११ तासांची विश्रांती धरली आहे; आपल्याकडे तसा नियम असो वा नसो, स्वतःपुरता तो पाळावा.

१५. नोकरीतून आजारपणाची रजा घेतली असताना जोडकाम चालू ठेवले तर चालेल का?

सहसा नाही. पगारी रजा घेऊन त्याच वेळी दुसरीकडे कमावणे अनेक सेवानियमांत गैरवर्तन ठरते आणि रजेचे पैसे परत करावे लागू शकतात. वादाला जागा असते ती अशी : पाय मोडल्यामुळे माल उचलण्याची नोकरी करता येत नाही, पण बसून भाषांतर करता येते. अशा वेळी डॉक्टरांच्या दाखल्यात काय करता येईल आणि काय नाही हे स्पष्ट लिहून घ्यावे आणि नोकरी देणाऱ्याची लेखी संमती मिळाल्यावरच काम करावे. संमती मिळेपर्यंत थांबणेच बरे.

१६. जोडकाम करताना अपघात झाला तर नोकरीतला विमा लागू होतो का?

नोकरीवर असताना झालेल्या दुखापतीसाठी असलेले संरक्षण दुसऱ्या कामाला सहसा लागू होत नाही. वाहनाच्या बाबतीत फसगत जास्त होते : खाजगी वापरासाठी घेतलेल्या विम्यावर मोबदला घेऊन माल किंवा माणसे पोचवली, तर दावा नाकारला जाऊ शकतो. विमापत्रातील वापराची अट वाचावी आणि लागणारा जादा हप्ता प्रश्न ४ मधल्या खर्चात धरावा.

१७. संध्याकाळी घरी बनवलेल्या प्रणालीवर किंवा रचनेवर कंपनी हक्क सांगू शकते का?

काही नियुक्तिपत्रांत नोकरीच्या काळात केलेली सर्व निर्मिती संस्थेची, असे कलम असते. कामाच्या क्षेत्राशी संबंध असेल, कार्यालयाचा संगणक वापरला असेल किंवा तेथील माहिती आत गेली असेल, तर असा दावा बळकट होतो. म्हणून स्वतःचे यंत्र, स्वतःचे खाते आणि तारखांच्या नोंदी ठेवाव्यात, आणि परवानगीच्या अर्जात (प्रश्न ७) निर्मितीचा हक्क आपला राहील असा उल्लेख करून घ्यावा. घरी जाऊन करतो म्हणून पेनड्राइव्हवर कार्यालयाची फाइल आणणाऱ्यांनी तर हे उत्तर दोनदा वाचावे.

१८. जोडउत्पन्न पगाराएवढे झाले. आता नोकरी सोडावी का?

एका महिन्याच्या आकड्यावर सोडू नये. मागील बारा महिन्यांतील सर्वांत वाईट तीन महिने घ्यावेत आणि कर, खर्च, विमा आणि पगारी सुट्ट्यांची किंमत वजा करून त्या तिघांची सरासरी काढावी. त्या सरासरीत घर चालत असेल, निम्म्याहून अधिक उत्पन्न एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून नसेल आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल, तर विचार करता येतो. शक्य असेल तेथे आधी नोकरीचे तास कमी करून मिळतात का, ते विचारावे. हा पर्याय लोक विचारतच नाहीत आणि थेट राजीनामा देतात.

उलट बाजूचा प्रश्न कोणी विचारत नाही, तरी उत्तर देऊन ठेवतो. सलग तीन महिने खरा दर १०० च्या खाली राहिला, किंवा ज्या कर्जासाठी काम धरले होते ते फिटले, तर हातातली कामे पुरी करून देऊन नवी घेणे थांबवावे, आणि गिऱ्हाइकांना पुढच्या तारखेचे आश्वासन देऊ नये.